आडवारी सिंधुदुर्गाच्या पाण्यात

ज्या खडकांच्या भयाने परकी गलबते मालवणच्या बंदरापासून दूर नांगर टाकीत, आणि ज्यांचा भरवसा धरूनच शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे नावाच्या बेटावर किल्ल्याची पायाभरणी केली, त्याच खडकांच्या पाण्याखालील अंगावर प्रवाळांची वस्ती आहे, ही गोष्ट काही दशकांपूर्वीपर्यंत मासेमार, पाणबुडे आणि थोडेसे प्राणिशास्त्रज्ञ यांच्यापलीकडे फारशी कोणास ठाऊक नव्हती. आज त्या खडकांभोवती डोळ्यांवर काच चढवून आणि तोंडात नळी धरून पालथे तरंगणाऱ्या मंडळींची दिवाळीत आणि मे महिन्यात अशी झुंबड उडते की, धक्क्यावर होडीचा नंबर लागेपर्यंत ऊन डोक्यावर येते, वारा सुटतो, पाणी ढवळते, आणि रात्रभर प्रवास करून आलेला गृहस्थ हिरवट पाण्यात स्वतःचे हात तेवढे पाहून परततो. यात दोष समुद्राचा नाही, होडीवाल्याचा तर मुळीच नाही. दोष असलाच तर तो आपल्या सुट्ट्यांच्या कोष्टकाचा आहे. कुरटे बेटाच्या पाण्यातील ही एका दिवसाची सहल केव्हा करावी, आणि तो दिवस मुक्रर करताना कोणाकोणाचा सल्ला घ्यावा, एवढाच या लेखाचा विषय.

बेट म्हणून पाहू गेल्यास कुरटे लहानच. किनाऱ्यापासून जेमतेम अर्धा मैल, क्षेत्रफळ सुमारे ४८ एकर, आणि त्याच्या कडेकडेने वळणे घेत गेलेला सुमारे तीन किलोमीटरांचा तट. हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली चाललेले हे बांधकाम १६६७ साली पुरे झाले. दरवाजाची रचना अशी की, जवळ जाईतो तो कोठे आहे याचा पत्ता लागू नये. आत दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. आणि राजाराम महाराजांनी बांधविलेले शिवराजेश्वराचे मंदिर, ज्यातील महाराजांची मूर्ती दाढीविना असून तिच्या डोईवर नावाड्याच्या धाटणीची टोपी आहे. १७६५ साली इंग्रजांनी किल्ला घेऊन त्याचे नामकरण ‘फोर्ट ऑगस्टस’ असे केले. किल्ला वर्षभरात परत गेला आणि नाव कागदातच राहिले. ४ डिसेंबर २०२३ रोजी येथे झालेला नौदल दिन आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना दिलेला जागतिक वारशाचा दर्जा, ज्यात सिंधुदुर्गही आहे, यांमुळे पर्यटकांचा ओघ वाढता आहे. परंतु येणाऱ्यांपैकी बहुतेक जण तटाच्या आत तासभर फिरून परततात. तटाच्या बाहेर, पाण्यात उतरत गेलेल्या खडकांकडे ज्यांना जायचे आहे, त्यांच्यासाठीच पुढील तपशील.

महाराष्ट्रातील नोकरदार कुटुंबाला वर्षातून दोन मोठ्या सुट्ट्या मिळतात, एक दिवाळीची आणि दुसरी मे महिन्याची. आणि योगायोग असा की अरबी समुद्रालाही वादळांचे हंगाम वर्षातून दोनच असतात, एक नैर्ऋत्य मोसमी वारे दाखल होण्याच्या आगेमागे, म्हणजे मे-जूनमध्ये, आणि दुसरा ते वारे परतल्यावर, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात. ही दोन कोष्टके शेजारी शेजारी ठेवली म्हणजे ज्या दिवसांत आपण सर्व जण एकदम समुद्राकडे धावतो, नेमके तेच दिवस समुद्र अस्वस्थ असण्याचे आहेत, हे ध्यानात येऊन मन चकित होते. २०१९ साली लक्ष्मीपूजन २७ ऑक्टोबरला होते, आणि त्याच आठवड्यात ‘क्यार’ चक्रीवादळ कोकणासमोरून जाऊन सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर पाणी चढले होते. ११ नोव्हेंबर २००९ च्या ‘फयान’ वादळात कोकणातील कित्येक मासेमार दर्यावरून परतलेच नाहीत. १६ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ मालवणसमोरून उत्तरेकडे गेले, तेव्हा झाडे, घरांची छपरे आणि किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या यांची झालेली दैना वृत्तपत्रांतून सर्वांनी वाचली आहे. आणि वादळ नसतानाही मे महिन्याचा उत्तरार्ध निर्धोक असतो असे नाही: २०२२ च्या मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात तारकर्लीच्या समुद्रात स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट लाटांत उलटली आणि दोघांचे प्राण गेले. पाऊस तोंडावर आलेला, दर्या उसळू लागलेला, सुट्टी संपत आलेली, आणि ‘एवढ्या लांब आलोच आहोत तर’ या विचाराने घाई झालेली. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी या चारही गोष्टी एकत्र येतात.

त्यानंतर सरकारी हुकुमानेच सारे बंद होते. मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत किल्ल्याची होडी आणि जलक्रीडा यांना मनाई असते. यांत्रिक मासेमारीही जून-जुलैचे दोन महिने बंद. नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ वाहून कोळी बांधव होड्या पाण्यात ढकलतात खरे, पण पाण्याखाली पाहण्याच्या दृष्टीने तो काळ फुकटच म्हणावा लागेल, कारण कर्ली नदी, कोळंबची खाडी आणि लहानमोठे ओहोळ यांनी पावसाळाभर आणलेला गाळ अजून खाली बसलेला नसतो. ऑक्टोबरात पाणी निवळू लागते. नोव्हेंबरचा पूर्वार्ध दिवाळीच्या गर्दीचा आणि वादळांच्या शंकेचा. डिसेंबरचा उत्तरार्ध नाताळ आणि नववर्षाच्या उत्सवी मंडळींनी व्यापलेला. म्हणजे सलग मोकळे राहिले ते जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्च हे तीन महिने.

हे तीन महिने रिकामे का, याचे उत्तर शिक्षण मंडळाच्या दप्तरात आहे. फेब्रुवारी-मार्चात बारावीच्या आणि दहावीच्या परीक्षा असतात, आणि ज्या घरात परीक्षार्थी आहे त्या घराने दूरदर्शनचा आवाजसुद्धा कमी केलेला असतो, तेथे मालवणचे नाव कोण काढणार? जानेवारीत बहुधा पौष असतो, आणि पौषात लग्नकार्ये नसल्याने त्या निमित्ताने निघणाऱ्या सहलीही नसतात. समुद्र सर्वांत शांत, पाणी सर्वांत नितळ, हवा सुखद, आणि धक्क्यावरचे होडीवाले गिऱ्हाइकाची वाट पाहत बसलेले. असा हा काळ निवृत्तांनी, निपुत्रिकांनी, लहान मुलांच्या आईबापांनी आणि ज्यांची मुले परीक्षांच्या पलीकडे गेली आहेत त्यांनी आपल्यासाठीच राखून ठेवला आहे असे समजावे. त्यातूनही २६ जानेवारीला जोडून येणारी सुट्टी आणि १९ फेब्रुवारीची शिवजयंती टाळावी, कारण त्या दिवशी किल्ल्यावर गर्दी असते, आणि ती असावीच. एकच गर्दी अशी आहे जिचा अंदाज आगाऊ बांधता येत नाही, ती आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची: ही जत्रा मालवण तालुक्यातच भरते, बहुधा फेब्रुवारीच्या सुमारास, आणि तिची तारीख पंचांगावरून निघत नाही तर देवीचा कौल घेऊन ठरते. ती जाहीर झाली की मुंबईच्या गाड्यांची तिकिटे आणि मालवणच्या खोल्या दोन्ही दुर्मिळ होतात. तेव्हा जत्रेची तारीख कळेपर्यंत फेब्रुवारीचा बेत कच्चाच ठेवावा. आणि जत्रेलाच जायचे असेल तर पाण्याचा विचार सोडून देऊन देवीला जावे.

महिना ठरला, आता दिवस. येथे पंचांगाशिवाय गत्यंतर नाही, आणि ज्यांना पंचांगाचे वावडे आहे त्यांनाही या एका गोष्टीपुरते त्याच्याशी जमवून घ्यावे लागेल, कारण भरती-ओहोटी चंद्राच्या हुकमतीत आहे आणि तिथी म्हणजे चंद्राचाच हिशेब. किनाऱ्यावरील जुनी रीत अशी की, पक्षातील तिथीच्या अंकाची पाऊणपट केली म्हणजे त्या दिवशी पूर्ण भरती किती वाजता आहे ते निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, आणि पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आगेमागे, दिवसा एकदा आणि रात्री एकदा. हा हिशेब मुंबईच्या पाण्याला बराचसा लागू पडतो. भरतीची लाट या किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असल्याने मालवणला ती थोडी आधी येते. नेमकी वेळ हवी असल्यास भारतीय सर्वेक्षण विभागाची भरतीची कोष्टके आहेत, पण घरी बसून बेत आखण्यास पाऊणपटीचा हिशेब पुरेसा आहे.

आता पालथे तरंगून खाली पाहणाऱ्याला काय हवे असते? पाणी नितळ हवे, ओढ कमी हवी, खडकांवर पुरेशी खोली हवी म्हणजे गुडघे खरचटत नाहीत, आणि सूर्य इतका वर आलेला हवा की उजेड तळापर्यंत पोचेल. भरती खुल्या समुद्राचे स्वच्छ पाणी आत आणते, ओहोटी खाड्यांतील गढूळ पाणी बाहेर काढते. म्हणून भरती पूर्ण होण्याच्या आधीचा आणि नंतरचा तासभर उत्तम. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाण्याची ये-जा मोठी असते, ओढ जबर असते आणि तळची वाळू उठते; उलट भांगाच्या दिवसांत पाणी संथ असते, आणि भांगाची ही सौम्यता अष्टमीनंतर एक-दोन दिवसांनी पूर्णत्वास जाते. या सर्व अटी एकत्र मांडल्या म्हणजे दशमी, एकादशी आणि द्वादशी या तिथी हाती लागतात, कारण त्या दिवशी पाणी अजून पुरते खवळलेले नसते आणि भरती सकाळी सात ते नऊच्या दरम्यान पूर्ण होते. पक्ष शुद्ध असो की वद्य असो. या तीनपैकी जी तिथी शनिवार-रविवार सोडून येईल ती आपली. एकादशीबद्दल मात्र एक इशारा देऊन ठेवतो: पाण्याच्या दृष्टीने ती निर्दोष असली तरी घरातील कोणी उपवास करणारे असेल, तर मालवणच्या खानावळीत सुरमईच्या वासाने दरवळलेल्या जागी साबुदाणा मागण्याचा प्रसंग येतो आणि सहलीचा निम्मा रस निघून जातो. द्वादशी सर्वांत सोयीची.

सकाळच आग्रहाने का, तर वाऱ्यामुळे. हिवाळ्यात रात्री जमीन थंड होते आणि पहाटे तिच्यावरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो; तो किनाऱ्याजवळ पाण्याला उचलत नाही, उलट सपाट करतो. दहा-अकराच्या पुढे जमीन तापली की वारा फिरतो, खारा वारा वायव्येकडून येऊ लागतो, आणि दुपारपर्यंत पाण्यावर बारीक लाटांचा असा खळबळाट माजतो की नळीत पाणी शिरू लागते. धक्क्यावर एका वयस्कर तांडेलाला मी दुपारी विचारले, “काका, आत्ता एक फेरी होईल का?” त्याने पाण्याकडे न पाहताच उत्तर दिले, “आज पानी ढवळलेला असा. उद्या सकाळी येवा, वारो सुटाच्या आधी.” मी थोडा आग्रह करून पाहिला, त्यावर तो हसला आणि जाळे विणू लागला. गिऱ्हाइक समोर उभे असताना त्याला परत पाठवणारा व्यापारी इतरत्र क्वचित आढळतो. ज्याने तसे केले त्याचीच होडी दुसऱ्या दिवशी घ्यावी, असे माझे मत आहे. हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा लाटांचा अंदाज हल्ली मोबाइलवर मिळतो आणि तो अवश्य पाहावा. पण तांडेल आणि अंदाज यांत मतभेद झाला तर तांडेलाचे ऐकावे.

पाण्याखाली काय दिसते ते सांगताना अपेक्षांना आवर घालणे माझे कर्तव्य आहे. लक्षद्वीपची छायाचित्रे मनात घेऊन येथे येऊ नये. चार महिने पाऊस, नद्यांचे गोडे पाणी आणि गाळ सोसून जगणारी प्रवाळे येथे आहेत, आणि ती मुख्यतः चिवट जातींची: घुमटाकार वाढणारे पोराइट्स, खळ्याखळ्यांचे फॅविटीस, दिवसाढवळ्या आपले तंतू बाहेर काढून पाण्यात डुलवणारे गोनिओपोरा, आणि परातीसारखे पसरट टर्बिनारिया. त्यांच्यामध्ये सारगॅसम या तपकिरी शेवाळाची दाट झुडपे, काळ्या लांब काट्यांच्या सागरी साळी, पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेले सार्जंट मेजर मासे, फुलपाखरू मासे, पोपट मासे, आणि खडकाच्या कपारीत तोंड बाहेर काढून बसलेला एखादा गोबरा. चांगल्या दिवशी वीस फुटांपर्यंत स्पष्ट दिसले तर येथील पाणबुडे समाधान मानतात. हे दृश्य भव्य नाही. परंतु गड बांधणाऱ्यांनी ज्या कातळावर भिस्त ठेवली, त्याच कातळावर हे जीव आपले चुन्याचे घर वर्षाला काही मिलिमीटर या गतीने रचीत आले आहेत, हे जाणून पाहणाऱ्यास त्यात पुष्कळ आहे.

प्रवाळाचा रंग त्याचा स्वतःचा नसतो. त्याच्या देहात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा असतो, आणि ते शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न करून यजमानाला पोसते. पाणी नेहमीपेक्षा अधिक तापले की हा संसार मोडतो, शैवाल बाहेर टाकले जाते आणि प्रवाळ पांढरे पडते. असे विरंजन मालवणच्या पाण्यातही २०१४ पासून शास्त्रज्ञांनी नोंदवले आहे, आणि एप्रिल २०२४ मध्ये तर जगभरच्या चौथ्या महाविरंजनाची घोषणा झाली. एप्रिल-मे हे या समुद्राच्या उष्म्याचे महिने. म्हणजे ज्या वेळी प्रवाळ सर्वाधिक त्रासलेले असते, त्याच वेळी आपण हजारोंच्या संख्येने त्याच्या अंगावर उतरतो. आडवारी, थंडीच्या दिवसांत जाण्याने आपली सोय होते तशी त्याचीही काही अंशी होते, आणि माझ्या दृष्टीने हे कारण गर्दी टाळण्याच्या कारणाहून वजनदार आहे.

उतरल्यावर पाळावयाच्या गोष्टी थोड्याच आहेत. पाय कोठेही टेकू नये. दम लागला तर उताणे होऊन तरंगावे, अंगातील जॅकेट त्यासाठीच असते. मासे जवळ यावेत म्हणून पाण्यात पाव किंवा बिस्किटे टाकण्याची चाल पडली आहे. ती सेवा म्हणून देऊ केली तरी नको म्हणावे, कारण शेवाळ चरून खडक मोकळे ठेवणारे मासे एकदा पावाला चटावले की आपले काम सोडतात. उन्हापासून बचावासाठी अंगाला मलम फासण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा; काही मलमांतील रसायने प्रवाळांना बाधक ठरतात म्हणून हवाई राज्याने २०१८ साली त्यांच्या विक्रीवर बंदीचा कायदा केला आहे. प्रवाळाचा तुकडा, मेलेला दिसला तरी, उचलू नये: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळाला वाघाच्याच अनुसूचीत घातले आहे. होडीबरोबर येणारा मार्गदर्शक तारकर्लीच्या सरकारी स्कूबा संस्थेत किंवा अन्यत्र शिकलेला आहे का, हे निःसंकोच विचारावे. शिकलेला मनुष्य या प्रश्नाने रागावत नाही.

ज्या पाण्यात आपण उतरतो ते कागदोपत्री अभयारण्य आहे, हे बहुतेकांना ठाऊकच नसते. १९८७ साली सुमारे २९ चौरस किलोमीटरांचे मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले. सिंधुदुर्ग आणि शेजारचा पद्मगड त्याच्या गाभ्यात येतात. रापण ओढणाऱ्या आणि लहान होड्यांवर पोट भरणाऱ्या मासेमारांनी त्यास प्रथमपासून कसून विरोध केला, कारण ज्या समुद्रावर पिढ्यान्‌पिढ्या आपला हक्क चालत आला तेथे उद्या परवाना मागावा लागेल ही त्यांची भीती होती, आणि ती निराधार म्हणता येत नाही. पुढे त्यांच्यापैकीच अनेकांच्या मुलांनी पर्यटकांना पाण्याखाली नेण्याचा धंदा पत्करला. आज खडक जिवंत राहण्यात ज्याचा रोजचा स्वार्थ गुंतलेला आहे असा माणूस सरकारी फलकाहून उत्तम राखणदार ठरेल, अशी आशा करण्यास जागा आहे. मात्र नांगर प्रवाळावर न टाकण्याची शिस्त प्रत्येक होडीने पाळली तरच.

प्रवासाचे थोडक्यात सांगतो. मुंबईहून कोकण रेल्वेच्या रात्रीच्या गाड्या कुडाळला पोचतात तेव्हा दिवस वर आलेला असतो, आणि तेथून मालवण तीसेक किलोमीटर. म्हणजे सकाळची भरती त्या दिवशी हुकलीच. आदल्या दिवशी पोचावे, दुपारी किल्ला आतून पाहावा, संध्याकाळी धक्क्यावर जाऊन दुसऱ्या दिवसाची होडी बोलून ठेवावी आणि रात्री लवकर निजावे. सकाळी घावणे आणि चहा एवढ्यावर निघावे. मालवणी जेवणाचा ताट भरून समाचार पाण्यातून आल्यावर घ्यावा, आधी घेतल्यास तो होडीत परत द्यावा लागण्याचा संभव असतो. कोल्हापूरकरांना घाट उतरून हेच करता येईल, फक्त रात्रीचा मुक्काम टाळून पहाटे निघण्याचा मोह आवरावा.

शेवटची विनंती भावाविषयी. हंगाम नाही, धक्का ओस पडला आहे, तेव्हा होडीवाला अडलेला आहे असा हिशेब करून घासाघीस करण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि ती करणारे स्वतःला व्यवहारचतुर म्हणवतात. आडवारी येणाऱ्याला अख्खी होडी, तांडेलाचे पुरे लक्ष आणि नितळ पाणी मिळते; दहा जणांच्या गर्दीत मिळते त्याहून कितीतरी अधिक. मागितलेला भाव वाजवी असेल तर तो मुकाट्याने द्यावा. दोन माणसांसाठीही डिझेल तेवढेच जळते.